नलूताईच्या मागे बसून

नलूताईने ओढणी कमरेला गच्च बांधली आणि पुन्हा किक मारली. गाडी दोनदा खोकली आणि गप्प झाली.

"चोक दिला का?" मी पायरीवर बसून विचारलं.

"दिला."

"मग जरा थांब. पेट्रोल चढलं असेल."

ती थांबली नाही. पुढच्या किकला मोटारसायकल सुरू झाली आणि पेरूच्या झाडाखालचा पाचोळा भर्रकन मागे उडाला. दिवाळीपासून गाडी तिथेच उभी होती. मी आजारी पडल्यापासून तिला कुणी हात लावला नव्हता.

आवाज ऐकून आई दारात आली. होळीचा दिवस होता, तिचे हात पुरणाच्या डाळीने भरले होते.

"नलू, हे काय करून राहिली तू?"

"पळस पाहून येतो आम्ही. हिंगणीच्या रस्त्यानं. जेवायच्या वेळेला परत."

"पळस स्टेशनमागेही फुलला आहे. चालत जा तिथपर्यंत."

"बाबा नेत होते तिकडचा पाहायचा आहे."

"आणि पडलीबिडली म्हणजे? पाडवा झाला की ऑपरेशन आहे तुमचं. तुला ताप जरी आला तरी डॉक्टर तारीख पुढे ढकलतील. मुकुंदा, तू तरी सांग हिला."

चार महिने मी फक्त दवाखान्याची भिंत आणि घराचं छत पाहत होतो. मला जायचं होतं. मी उठलो आणि ताईच्या मागे जाऊन बसलो. आई बघत राहिली. आम्ही फाटकातून बाहेर पडत असताना तिने एवढंच म्हटलं, "मुकुंदा, तिला जपून आण."

तेव्हा मी एकतीस वर्षांचा होतो. वर्ध्याजवळच्या एका शाळेत गणित शिकवत होतो. दोन्ही किडन्या निकामी झाल्याचं कळलं तेव्हा माझं लग्न ठरलेलं होतं. ते मुलीकडच्यांनी मोडलं, आणि मी त्यांच्या जागी असतो तर मीही मोडलं असतं. एक दिवसाआड डायलिसिस सुरू झालं. मग तपासण्या झाल्या आणि अमरावतीला दिलेली माझी मोठी बहीण, नलिनी, हिची किडनी मला जुळते असं निघालं. नागपूरच्या दवाखान्यात तारीख मिळाली. तिच्या मुलीच्या, केतकीच्या, परीक्षा होत्या म्हणून ती आणि भाऊजी अमरावतीलाच थांबले होते, आणि ताई आधी एकटीच येऊन आमच्याकडे राहिली होती. आईनेच तिला तसं बोलावलं होतं, चांगलं खाऊपिऊ घालता येईल म्हणून.

गाडी मला चालवता येण्यासारखी नव्हती. डाव्या हातात डॉक्टरांनी डायलिसिससाठी दोन रक्तवाहिन्या एकमेकींना जोडून दिल्या होत्या. त्या हाताला धक्का लागू द्यायचा नाही, त्यावर भार द्यायचा नाही. ताईला मात्र गाडी उत्तम येत होती. बाबा हयात असताना ग्रामसेवक होते, गावोगाव मोटारसायकलवर फिरायचे. ती शाळेत असतानाच त्यांनी तिला शिकवली होती. आईचा त्याला विरोध होता, आणि बाबा म्हणायचे, पोरगी शिकली तर बिघडतं काय.

गावाबाहेर पडेपर्यंत ती नीट चालवत होती. सेलूच्या रस्त्याला लागल्यावर तिने वेग वाढवला. मी उजव्या हाताने मागची दांडी धरून बसलो होतो. वारा तोंडावर आदळत होता आणि इतक्या महिन्यांनी तो मला फार गोड वाटत होता. पण वेग वाढतच गेला. समोरून ट्रक येत असताना तिने एका ट्रॅक्टरला ओलांडलं. ट्रकवाल्याने हॉर्न दाबून धरला.

"ताई, हळू."

तिने ऐकलं नसावं.

"ताई, हळू चालव नं."

पुढे एका पुलापाशी म्हशी आडव्या आल्या. ताईने ब्रेक दाबले, गाडी किंचित तिरपी झाली आणि मी तिच्या पाठीवर आपटलो. आम्ही पडलो नाही. म्हशींमागच्या माणसाने आम्हाला शिव्या दिल्या आणि तो निघून गेला. ताई दोन्ही पाय जमिनीवर टेकवून तशीच बसून राहिली.

"लागलं का तुला?" तिने मागे न वळता विचारलं.

"नाही."

"हाताला?"

"नाही, काही नाही झालं."

"तू मागे आहेस हे..." एवढं बोलून ती थांबली. मग तिने गाडी सुरू केली, आणि त्यानंतर इतकी हळू चालवली की एक सायकलवाला आम्हाला मागे टाकून गेला.

सेलू ओलांडून आम्ही हिंगणीच्या बाजूला वळलो आणि थोड्याच वेळात पळस सुरू झाला. आधी बांधावर एखादं झाड, मग दोन-चार, आणि मग उतारावरून खाली सगळं रानच पेटल्यासारखं. पानं पार गळून गेलेली. वाकड्यातिकड्या काळ्या फांद्या आणि त्यांवर नुसती फुलं. मधूनच एखादी काटेसावर. खाली पडलेल्या फुलांवरून शेळ्या फिरत होत्या आणि एकेक फूल उचलून खात होत्या.

ताईने गाडी एका झाडाखाली लावली. आम्ही दगडांवर बसलो.

"बाबा इथंच थांबायचे का रे?"

"थोडं पुढं. एक विहीर होती."

"तू गाडीच्या टाकीवर बसायचास. मी मागे. पिशवीभर फुलं न्यायचो आणि आई रंग करायची."

"आठवते."

तिने पिशवीतून पाण्याची बाटली काढली, तोंडाला लावणार तोच माझ्याकडे पाहिलं आणि बाटली खाली ठेवली.

"पी तू," मी म्हणालो. "मला त्याचं काही वाटत नाही आता."

"तुला चालत नाही तर मी कशी पिऊ?"

"घरी पितेसच नं?"

"स्वयंपाकघरात जाऊन पिते."

हे मला माहीत नव्हतं. मला दिवसाचं पाणी ठरवून दिलेलं होतं. त्यातलं घोटभर मी प्यालो आणि बाटली तिच्या हातात दिली. ती प्याली.

"काय वाटते रे तिथं? त्या मशीनवर?" तिने विचारलं.

"सुई टोचताना दुखते. नंतर थंडी वाजते. शेवटी शेवटी पाय वळतात. घरी आलं की झोप लागते, आणि दुसऱ्या दिवशी जरा माणसात आल्यासारखं वाटते. मग पुन्हा जायची वेळ होते."

"किती वर्षं चालू शकते असं?"

"काहींचं बरीच वर्षं चालते. काहींचं नाही चालत."

मी डावा हात पुढे केला. "हात लावून पाहा. थरथरते."

तिने दोन बोटं माझ्या मनगटाच्या वर ठेवली. तिथे आत रक्त सतत घरघरत असतं, मांजर कुशीत घेतल्यावर जाणवतं तसं. तिने बोटं चटकन काढून घेतली.

"दुखते का?"

"नाही."

ती फुलांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आई मला आजकाल आधी वाढते. लक्षात आलं का तुझ्या?"

"हो."

"सकाळी बदाम उगाळून देते. काल मी बादली उचलली तर हातातून काढून घेतली. अडतीस वर्षांत पहिल्यांदा." ती थोडी हसली. "रात्री पडून होती मी. आईला वाटलं मला झोप लागली. ती आली आणि तिनं इथं हात ठेवला." तिने आपल्या डाव्या कुशीवर तळवा ठेवून दाखवला. "आणि देवाचं नाव घेत बसली."

मी म्हणालो, "ती घाबरली आहे."

"हो नं," ताई म्हणाली आणि उठली. "चल, पुढं बाग आहे म्हणे कुणाची तरी. ती पाहू."

बाग हिंगणीच्या अलीकडेच होती. फाटकावर पत्र्याच्या तुकड्यावर रंगाने लिहिलं होतं, 'बावणे यांची बाग. पाहायला या. फुलं तोडू नका.' कुणी बावणे नावाचे गृहस्थ शेतकी खात्यातून निवृत्त होऊन इथे राहायला आले होते. ते त्या दिवशी बाजाराला गेलेले होते. त्यांच्या पत्नी ओसरीवर चिंच फोडत बसल्या होत्या. साठी ओलांडलेल्या, ठेंगण्या, कपाळावर मोठं कुंकू. आम्हाला पाहून त्यांना आनंद झाला.

"या, या. सुट्टीच्या दिवशी कोणीतरी येतेच. पाहून घ्या सगळं, मग बसा."

घरापुढे गुलाबाचे ताटवे होते. हंगाम सरत आला होता तरी फुलं भरपूर होती, बशीएवढी. कुंपणावर बोगनवेल लाल-पांढरी. मोगऱ्याला नुकत्याच कळ्या धरत होत्या. मागे संत्र्याची शंभरेक झाडं. काहींवर शेवटची फळं होती आणि काहींवर मागे राहिलेला बहर. संत्र्याचं फूल पांढरं, लहानसं असतं, पण वास असा की डोळे मिटावेत. आम्ही दोघं त्या झाडांमधून हिंडलो. ताई प्रत्येक झाडापाशी थांबून फांदी नाकाशी ओढून घेत होती. केतकीला दाखवायला हवं होतं, असं एकदा म्हणाली.

परत ओसरीवर आलो तर काकूंनी संत्र्याच्या रसाचे दोन पेले भरून ठेवले होते.

"घ्या. आत्ताच काढला. झाडावरून उतरवलेली संत्री आहेत."

ताईने पेला घेतला. मी नको म्हणालो.

"काहून? आवडत नाही का?"

"आवडतो, काकू. मला चालत नाही."

"घोटभर घ्या बाप्पा. घरचा आहे. बाजारातला नाही."

मी पुन्हा नको म्हणालो तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. मला वाईट वाटलं, म्हणून मी सांगून टाकलं. किडनीचा आजार आहे, संत्रं माझ्यासाठी विषासारखं आहे, पाणीसुद्धा बेतानं प्यावं लागतं.

"अरे देवा. एवढ्याशा वयात." त्यांनी पेला बाजूला सरकवला. "मग आता?"

"आता बरा होईन. पाडव्यानंतर ऑपरेशन आहे. ही माझी मोठी बहीण. ही मला किडनी देणार आहे."

काकूंनी ताईकडे पाहिलं. चिंचेचे हात पदराला पुसले, उठल्या, आणि आम्हाला काही कळायच्या आत वाकून त्यांनी नलूताईच्या पायांना हात लावला.

"काकू, हे काय," ताई मागे सरकली. तिच्या हातातला पेला हिंदकळला.

"राहू दे. मी वयानं मोठी असली म्हणून काय झालं. भाऊ-बहीण शेताच्या धुऱ्याबांधावरून कोर्टात जाताना पाहिले मी. देव पाहिला नाही आजपर्यंत. आज पाहिला."

ताईने पेला ओसरीच्या कडेला ठेवला. ती वळली आणि भराभर चालत घराच्या मागे, संत्र्यांच्या झाडांकडे गेली.

काकू माझ्याकडे बघत राहिल्या. "माझं काही चुकलं का, बापू?"

"नाही, काकू."

"भ्यालेली दिसते पोरगी. चेहरा पाहिला का तिचा? घरात कोणी विचारते का तिला?"

मी ताईच्या मागे गेलो.

ती एका झाडाखाली ओल्या मातीत बसली होती. गुडघे पोटाशी घेतलेले. मला वाटलं होतं ती रडत असेल, पण ती रडत नव्हती. समोर बघत होती. मी तिच्यापासून थोडा दूर बसलो.

"ताई."

"मुकू, त्या डॉक्टरीणबाई आहेत नं, चष्मेवाल्या. त्यांनी मला एकटीला आत घेतलं होतं. म्हणाल्या, तुम्ही मनापासून देता नं? कोणाचा दबाव नाही नं? मी हो म्हणाली. मनापासून देते म्हणाली."

"मग?"

"दाराच्या काचेतून आई दिसत होती. बाकावर बसली होती. माळ ओढत होती."

मी जरा जवळ सरकलो.

"ह्यांना म्हटलं, तुम्ही नाही म्हणा. नवऱ्यानं नाही म्हटलं तर आईला काही बोलता येणार नाही. तर ते म्हणाले, तुझा भाऊ आहे, तुझं तू ठरव. मी कशाला वाईट होऊ." ती बोटाने माती उकरत होती. "मग केतकीचा विचार केला. मुलगी लहान आहे, मला काही झालं तर तिचं काय, असं सांगावं. पण खरं ते नाही रे. मुलगी नसती तरी मला असंच वाटलं असतं. मला भीती वाटते. बाकी काही कारण नाही माझ्यापाशी. मला कापतील, आतलं काढून घेतील, ह्याची भीती वाटते. रात्री झोप येत नाही. डॉक्टरांनी सगळं समजावलं, काही होत नाही म्हणाले, एका किडनीवर माणसं म्हातारी होतात म्हणाले. मला ते सगळं समजते. तरी वाटते."

"आधी सांगायचं होतं नं."

"कोणाला सांगू? तुला? तू त्या मशीनवर पडलेला, आणि मी येऊन सांगू की मला भीती वाटते?"

कुठेतरी मधमाशा गुणगुणत होत्या. बहरात त्या फार येतात.

"सकाळी गाडी घेऊन निघाली नं मी," ती हळू आवाजात म्हणाली, "तेव्हा मला पळस पाहायचा नव्हता. मला वाटत होतं, पडावं कुठं तरी. पाय मोडावा माझा. चांगला दोन जागी मोडावा. मग कोणी काही म्हणू शकणार नाही. न आई, न तू. मी जोरात चालवली ती त्यासाठी. तू मागे बसला आहेस हे मला पुलापाशी आठवलं."

मी उठलो. त्या वेळी मला तिची कीव आली असं मी सांगितलं तर ते खोटं होईल. मला राग आला. इतका राग मला लग्न मोडल्यावरही आला नव्हता. मी तिला तिथेच सोडून ओसरीवर आलो. काकू आत गेल्या होत्या. खांबापाशी पितळी गडू भरून ठेवला होता. मी तो उचलला आणि उभ्या उभ्या सगळं पाणी प्यालो. गार पाणी घशातून उतरताना कळत होतं. कित्येक महिन्यांत मी पोटभर पाणी प्यालो नव्हतो. गडू रिकामा करून खाली ठेवला.

काकू बाहेर आल्या. त्यांनी गडूकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि गडू उचलून आत नेला.

थोड्या वेळाने ताई आली. तिने तोंड धुतलं होतं. काकूंना तिने वाकून नमस्कार केला. "येते," म्हणाली. काकूंनी तिच्या हातात चार गुलाब दिले आणि तिच्या गालावरून हात फिरवला.

"जेवत जा नीट," त्या म्हणाल्या. तिच्याशी त्या एवढंच बोलल्या.

परतीच्या वाटेवर ऊन चढलं होतं. ती सावकाश चालवत होती. गुलाब तिने हँडलला सुतळीने बांधले होते. मी तिच्या मागे बसलो होतो, आणि माझ्या डोळ्यांसमोर तिची पाठ होती. कमरेला बांधलेल्या ओढणीची गाठ डाव्या बाजूला होती. डॉक्टरांनी मला सांगितलं होतं, डावीकडची काढणार. कुठून कुठपर्यंत चीर देणार तेही त्यांनी बोटाने स्वतःच्या अंगावर दाखवलं होतं. तेव्हा मी मान डोलावली होती. मी विचारलं होतं ते एवढंच, की मला शाळेत कधीपासून जाता येईल.

रस्ता खराब होता. प्रत्येक खड्ड्यापाशी ती गाडी जवळजवळ थांबवायची, मला धक्का बसू नये म्हणून. तिच्या मानेवर घाम आला होता. बाबांच्या मागे बसून ती ह्याच रस्त्याने यायची तेव्हा ती केतकीएवढी असेल.

"ताई," मी म्हणालो.

"हं."

"मी डॉक्टरांना सांगतो. मला नको म्हणून."

गाडीचा आवाज तेवढा होता. मला वाटलं तिने ऐकलं नाही.

"काय सांगशील?" तिने विचारलं.

"सांगीन, बहिणीची घ्यायची नाही मला. यादीत नाव लावा. कोणी गेलेल्या माणसाची मिळते. उशिरा मिळते, पण मिळते."

"नाही मिळाली तर?"

"पाहू."

"मुकू, मी नाही म्हटलं नाही तुला. मी फक्त सांगितलं. मी देईन. भीत भीत देईन."

"मला माहीत आहे. म्हणूनच म्हणतो."

तिने गाडी बाजूला घेतली. बंद केली नाही, नुसते पाय टेकवले. तिचे खांदे हलत होते. मी तिच्या पाठीवर उजवा हात ठेवला. मागून येणारी एक बैलगाडी आम्हाला वळसा घालून गेली. गाडीतल्या बायका वळून वळून बघत होत्या.

"आई तुला खाऊन टाकील," ती शेवटी म्हणाली.

"आईचं मी पाहतो. तू मध्ये बोलायचं नाही. एक शब्द नाही. चल आता, ऊन लागते."

घरी आलो तेव्हा आईने पानं मांडलेली होती. आम्ही दोघं धड आहोत हे पाहून तिचा जीव भांड्यात पडला. हातपाय धुऊन मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो आणि सांगून टाकलं, कारण थांबलो असतो तर मला जमलं नसतं.

"आई, मी ऑपरेशन करणार नाही. ताईची किडनी मला नको."

आई पोळी लाटत होती. तिचं लाटणं थांबलं.

"काय बोलून राहिला तू?"

"विचार करून बोलतो. यादीत नाव लावतो. मिळेल तेव्हा मिळेल."

"कोणाची? आपल्या रक्ताची मिळत असून तू मेलेल्याची वाट पाहशील?" मग तिने ताईकडे पाहिलं. "नलू, तू काही बोलली का ह्याला?"

ताईचं तोंड उघडलं होतं. मी पटकन म्हणालो, "ती तर मघापासून मला समजावून राहिली. देते म्हणते. मलाच नको. बहिणीला कापून मला जगायचं नाही."

"तुला नाही जगायचं? आणि माझं काय? मी काय करायचं तुला असं पाहत?" तिने हातातली लाटी परातीत टाकली. ती ओरडली नाही. चूल विझवली, आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. त्या दिवशी आमच्याकडे होळीचं जेवण कोणी जेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी डायलिसिसला पाण्याने वजन फार वाढलेलं निघालं. नर्सबाई मला खूप बोलल्या. मी ऐकून घेतलं. नागपूरच्या डॉक्टरांनी दोन वेळा विचारलं, बहिणीची इच्छा नाही का. मी दोन्ही वेळा म्हणालो, माझी नाही. पाडव्याच्या आधीच ताई अमरावतीला परत गेली.

नंतर जवळजवळ वर्षभर ती आली नाही. फोन यायचा, केतकी बोलायची. मग एके दिवशी मी मशीनवर असताना डोळे उघडले तर ती बाजूला स्टुलावर बसलेली. माझ्या वळलेल्या पायाची पोटरी दाबत होती. त्यानंतर महिन्यातून एकदा तरी ती यायची, सकाळच्या बसने येऊन संध्याकाळच्या बसने जायची. त्या दिवसाबद्दल आम्ही कधी बोललो नाही. मला किडनी मिळाली ती सहाव्या वर्षी, कुणा अनोळखी माणसाची. त्याचं नाव मला सांगितलं नाही, आणि त्याच्या घरच्यांचे आभार कसे मानायचे हे मला आजही कळलेलं नाही. ती मला बरी चालते आहे. मी शाळेत शिकवतो.

आईला हे पाहायला मिळालं नाही. ती त्याआधी दोन वर्षं गेली. मधल्या काळात ती माझ्याशी बोलायची, करायची सगळं, पण तिने मला माफ केलं नव्हतं. हट्टी आहे, म्हणायची. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, सोन्यासारखी बहीण किडनी देत होती आणि ह्याने लाथाडली. नलूचं मन केवढं मोठं, म्हणायची. ताई समोर असली की ताई उठून बाहेर जायची.

शेवटच्या आजारात, दिवाळीच्या आधी, एका दुपारी मी तिचे पाय दाबत बसलो होतो. ती डोळे मिटून पडली होती.

"मुकुंदा, नलूला भीती वाटत होती नं रे?"

मी दाबायचा थांबलो. "कशाची?"

"त्या होळीला. ऑपरेशनची."

"नाही. तिला कशाची भीती? मीच नको म्हणालो होतो."

"हं," आई म्हणाली. मला वाटलं झोप लागली. मग डोळे न उघडताच ती म्हणाली, "सगळ्यात आधी माझं रक्त तपासलं होतं. आठवते का? साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, आजी, तुमची चालणार नाही. मी घरी आली आणि देवापाशी तुपाचा दिवा लावला."

"माझ्यासाठी लावला असशील."

"नाही रे. माझी सुटका झाली म्हणून लावला."

मी तिच्या पायांवर हात ठेवून बसून राहिलो. त्यानंतर तो विषय तिने काढला नाही. डिसेंबरात ती गेली.

दिवसकार्य झालं, पाहुणे गेले. तेरा दिवस नलूताईच्या डोळ्यांतून पाणी आलं नव्हतं. आलेल्या बायका आपसात बोलायच्या, सख्खी लेक असून कशी कोरडी आहे बघा. ती नुसती कामं करत राहायची. शेवटच्या दिवशी ती आईची लुगडी घड्या करून ट्रंकेत ठेवत होती. घरात आम्ही दोघंच होतो. मी तिला आईचं ते बोलणं सांगितलं, जसं होतं तसं.

ती ऐकत राहिली. घडी करता करता तिचे हात थांबले.

"असं म्हणाली आई?"

"हो."

"भीत होती?"

"हो."

"मग मला काहून नाही सांगितलं तिनं?"

ताई लुगडं मांडीवर घेऊन खाली बसली. मग तिने ते तोंडाशी धरलं आणि ती रडायला लागली, लहान मूल रडतं तशी, आईला हाका मारत. मी तिला रडू दिलं. उठून फक्त दार लोटून घेतलं.